सिनेमात नसलेलं पाणी

भिंगरीच्या डोळ्यावर पट्टी चिकटवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. एकीने धरायचं, दुसरीने चिकटवायची, आणि पाळण्यातल्या बाळाने भोकाड पसरून साथ द्यायची. त्यातून पट्टी लावायची होती ती चांगल्या डोळ्यावर, आणि नेमकं हेच तिला पटत नव्हतं.

"हा डोळा शहाणा आहे ना? मग याला कशाला शिक्षा?"

"शिक्षा नाही गं, सुट्टी आहे त्याला."

"सुट्टी द्यायची तर त्या आळशीला द्या. नाहीतरी तो सुट्टीवरच असतो!"

आळशी डोळा हा शब्द डॉक्टरांचा. त्यांनी तो अगदी सहज वापरला, पण आमच्या घरात त्यावरून चांगलंच रामायण झालं. सासूबाईंना तो शब्द भलताच लागला.

"आळशी म्हणे! आमच्या घराण्यात आळशी कुणी नाही. तुमच्याकडून आला असेल."

"आई, माझ्या माहेरी सगळे पहाटे उठतात."

"उठून काय करतात ते कुठे विचारलं मी?"

यावर मी हसले आणि त्याही हसल्या. हसलो नसतो तर रडावं लागलं असतं, हे दोघींनाही कळत होतं.

गोष्ट अशी होती की पोर पहिलीत गेली, शाळेत सगळ्यांचे डोळे तपासले आणि हिचा डावा डोळा जवळजवळ रिकामाच बसलेला आहे असं निघालं. तोवर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. धावायची, पडायची, उठायची, सगळ्या पोरांसारखीच. चष्मा लागला त्या दिवशी नवरा म्हणाला, "भिंगरीला भिंगं लागली," आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसला.

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. डोळ्यात फारसं काही बिघडलेलं नाही. मेंदूनेच त्या डोळ्याचं ऐकणं सोडून दिलंय. चांगला डोळा झाकला की मेंदूला नाइलाजाने दुसऱ्याचं ऐकावं लागेल. पण हे सगळं लहानपणीच होतं, आणि हिचं तर आधीच उशिरा कळलंय. "पुढच्या तपासणीला जरा जरी फरक दिसला तरी आपण जिंकलो. नाहीच दिसला तर..." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "एका डोळ्यावरही चालतं लोकांचं."

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे. "चालतं लोकांचं" हे वाक्य मीही गिऱ्हाइकांना कितीदा ऐकवलंय. ते ऐकायला कसं लागतं, हे त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांच्या खोलीला लागून एक लहानशी खोली होती. तिथे मुलांकडून डोळ्यांचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई बसायच्या. भिंगरीने पहिल्याच दिवशी त्यांचं डोळेबाई असं नाव ठेवून टाकलं. डोळेबाई म्हणाल्या, "पट्टी लावून नुसतं बसवू नका. जवळचं, बारीक काम द्या. मणी ओवा, चित्रं रंगवा. हातात धरायचा व्हिडिओ गेम आहे का घरी?"

"नाही हो. आम्ही मुद्दामच घेतला नाही."

"मग आता मुद्दाम घ्या."

घ्यावा लागला नाही. धाकट्या दिराच्या कपाटातून त्याचा जुना गेम निघाला. कडेचं प्लॅस्टिक उडालेलं, एक बटण दाबलं की वर यायला वेळ घेणारं. आत कॅसेट कुठली होती म्हणाल तर पाणमाऊची! म्हणजे भिंगरी ज्या कार्टून सिनेमावर जगत होती, त्याच सिनेमाचा गेम. पाणमांजराचं एक पिल्लू पुरात आईपासून तुटतं आणि नदीच्या उलट्या दिशेने, दगडांवरून, ओंडक्यांवरून, पाणचक्कीच्या पात्यांवरून उड्या मारत घरी जातं, असा तो सिनेमा. पाणमांजर म्हणायला तिची जीभ वळायची नाही तेव्हापासून ती पाणमाऊ म्हणते, म्हणून आम्ही सगळेच पाणमाऊ म्हणतो. तो सिनेमा तिने इतक्यांदा पाहिला होता की पिल्लू शिंकायच्या आधी ही "आक्छी" म्हणायची.

"काका, तू माझा देव आहेस," ती दिराला म्हणाली.

"लक्षात ठेव आणि बटणं जपून दाब," देव म्हणाला.

त्या दिवसापासून पट्टीची कटकटच संपली. शाळेतून आली की चष्मा काढून स्वतः तोंड पुढे करायची. पट्टी, वर चष्मा, हातात गेम. आणि मग आमच्या बैठकीच्या खोलीत काय सोहळा चालायचा म्हणून सांगू!

सासूबाई आयुष्यभर बसस्थानकावर घोषणा करायच्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली, कुणाची पिशवी चौकशीच्या खिडकीवर येऊन पडलीय. निवृत्त झाल्या तरी तो आवाज काही निवृत्त झाला नव्हता. नातीच्या खांद्यावरून त्या छोट्याशा पडद्यावर नजर ठेवून त्या सुरू व्हायच्या, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. उजव्या बाजूने कावळा येत आहे. पाणमाऊने ताबडतोब खाली वाकावे."

भिंगरी वाकायची. कावळा वरून निघून जायचा.

"पुढे ओंडका आहे. ओंडका गोल फिरत आहे. थांबा... थांबा... उडी!"

आणि भिंगरी उडी मारायची.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. संध्याकाळी ग्रीसच्या वासासकट घरी यायचा तो बूटही न काढता तिच्या मागे उकिडवा बसायचा. "अगं, वरचा शिंपला राहिला ना! डावीकडे. अजून. आत्ता!" मी बाळाला पाजत असले तरी माझं तोंड मोकळंच असायचं. मीही ओरडायचे. बाळ दचकायचं, परत चिकटायचं. शिंपले गोळा होत होते, पूल ओलांडले जात होते, पाणचक्कीही पार झाली. सगळं घर त्या पोरीला ढकलून नदीवर चढवत होतं म्हणा ना. आम्हाला वाटायचं, डोळा कामाला लागला. नवरा तर वरच्या-खालच्या मजल्यावरच्या लोकांनाही लिफ्टमध्ये गाठून सांगत सुटला होता.

एका दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. बाळ माझ्या मांडीवर आणि भिंगरी जमिनीवर पोटावर पडून पाणचक्की परत खेळत होती. सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या, क्षणभर उभ्या राहून बघत राहिल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "बघ गं, बघ! डोळे झाकून खेळते हो पोरगी!"

माझ्या हातातलं झबलं तसंच राहिलं.

रोज बोलायचे शब्द ते. मीही दुकानात म्हणते, हे औषध डोळे झाकून घ्या. पण त्या दुपारी ते मला जसेच्या तसे ऐकू आले. मी बाळाला बाजूला ठेवलं, भिंगरीच्या मागे जाऊन बसले आणि गंमत करावी तसा माझा तळवा तिच्या चष्म्यावर, उघड्या डोळ्यावर ठेवला.

"आई, काय करतेस!" ती हसली. पण हात थांबले नाहीत.

चक्कीचा खडखडाट झाला, तिने बटण दाबलं. पाणी कोसळल्याचा आवाज आला, तिने थांबून घेतलं. "उडी," सासूबाई सवयीने म्हणाल्या आणि पाणमाऊने उडी मारली. टुण्ण. शिंपलासुद्धा मिळाला. एक डोळा पट्टीखाली, दुसरा माझ्या तळव्याखाली, आणि पोर गाणं गुणगुणत पलीकडच्या काठावर पोचली.

"बघितलंस? मला येतं!" ती म्हणाली.

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मी तळवा काढला आणि गेमचा आवाज बंद केला. "आता खेळ बरं, राणी. कुणी बोलणार नाही."

पहिल्याच दगडावरून ती पाण्यात पडली. परत पडली. मग परत. शेवटी गेम कानाशी धरून हलवला आणि म्हणाली, "बिघडला. काकाला सांग, याचा आवाज मेला."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो कधी नव्हे ते बूट काढून बसला. "म्हणजे इतके दिवस..." एवढंच म्हणाला. तपासणी जवळ येत चालली होती. इतके दिवस तिच्या डोळ्याने काही म्हणजे काही केलं नव्हतं. सिनेमा पाठ होता, आवाज पाठ होते, आणि उरलंसुरलं आम्ही घसा फोडून सांगत होतो. तिला लबाडी करायची नव्हती. तिला वाटायचं, गेम असाच खेळतात.

दुसऱ्या दिवशी बाळाला सासूबाईंकडे ठेवून मी डोळेबाईंकडे धावले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कावळ्याच्या घोषणेपाशी त्यांचे ओठ जरा हलले, पण हसल्या नाहीत.

"तुमच्या घरात सगळ्यांचे डोळे फार चांगले आहेत, ही अडचण आहे," त्या म्हणाल्या. "तिला स्वतःचा वापरायची गरजच पडत नाही. आवाज बंद ठेवा. तुम्ही सगळे गप्प. आणि तिला पाठ नसलेलं काहीतरी शोधा. सिनेमात नाही असं काही आहे का त्या गेममध्ये?"

"मला काय माहीत?"

"मग बघा की खेळून."

तर अशी मी गेम खेळायला लागले. आयुष्यात कधी खेळले नव्हते. सकाळी भिंगरी शाळेत गेली, बाळ पाजून झोपलं, की भांडी तशीच ठेवून खिडकीशी बसायचे. बाळ कुशीत, एक पाय पाळण्याच्या दोरीत, आणि अंगठे त्या रुसक्या बटणावर. पहिल्यांदा मी माझ्याही एका डोळ्यावर पट्टी लावून पाहिली. पण माझा उघडा डोळा शहाणा होता, त्यामुळे तिला काय दिसतं ते मला काही कळेना. मग एका फोटोच्या काचेला साय फासली आणि तिच्यातून बघितलं. नदी म्हणजे निळा डाग. कावळा म्हणजे काळा डाग. पाणमाऊ कुठे आहे ते समजेना. एवढ्याशा डागांच्या भरवशावर पोर पट्टीला तोंड पुढे करत होती! मी काच पुसली आणि थोडा वेळ तिच्या उशीपाशी जाऊन बसले.

सासूबाई येऊन डोकावून जायच्या. "भांडी?"

"औषध घेतेय, आई."

"घे, घे. मी घासते." आणि दारातून परत वळून, "तो कावळा डावीकडूनपण येतो हं."

"आई!"

"तुला तर सांगू शकते ना? कुणाला तरी सांगू दे गं!"

हळूहळू करत मी नदी चढले. पाणचक्की, वादळ, धबधबा, सगळं सिनेमात होतं तसंच आणि त्याच क्रमाने. शेवटी पिल्लाची आई भेटली, दोघं एकमेकांना बिलगली, पडद्यावर नावं यायला लागली. माझा जीव खट्टू झाला. म्हणजे सगळंच तिला पाठ. मी बंद करायला बटण शोधत होते तेवढ्यात नावं संपली आणि पडदा पुन्हा उजळला. वेगळंच पाणी होतं ते. निळं नाही, राखाडी. धुकं, धुक्यात दगड, आणि काठावर पाणमाऊ एकटी उभी, आता मोठी झालेली. सिनेमा कधीच संपला होता. हे कुणीतरी गेमसाठी म्हणून नवीन केलेलं होतं.

पुढे काय आहे ते बघायला माझे अंगठे शिवशिवत होते. पण मी लगेच बंद केला. मलाच माहीत नसेल तर मी सांगणार काय? माझ्या तोंडावर माझा एवढाच इलाज होता.

त्या दुपारी पट्टी चिकटवली, आवाज बंद केला आणि गेम तिच्या हातात दिला. ती त्या राखाडी पडद्याकडे बघत राहिली. मग नाक जवळजवळ काचेला टेकवलं.

"हे काय आहे? हे सिनेमात नाही."

"नाही."

"मग मला कसं कळणार?"

"बघून."

असं कुणी तिला आजवर म्हटलंच नव्हतं. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं काही मी तिला उडायला सांगितलं होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. पाणमाऊ पडायची, पडायची, पडतच राहायची. भिंगरीने गेम उशीवर आपटला. पट्टी ओढून काढली, भुवईचे केसही उपटून निघाले, म्हणून आणखी रडली. "सांग ना, आई! तू मुद्दाम सांगत नाहीस!" मी ओठ घट्ट मिटून नवीन पट्टी लावायचे. सासूबाई तर तोंडात पाणी धरून बसायच्या, अक्षरशः. एकदा पाणमाऊ दगडाच्या अगदी कडेला आली आणि त्यांनी ते सगळं पाणी बाळाच्या अंगावर फवारलं. नवरा जिन्यात जाऊन उभा राहायचा. म्हणायचा, "लिफ्टमध्ये माणसं अडकली की आम्ही त्यांना बाहेरून सारखं बोलत ठेवतो. इथे नुसतं बाहेर उभं राहायचं म्हणजे..." वाक्य पुरं करायचा नाही.

मग हळूच काहीतरी बदललं, की मला तसं वाटत होतं, देव जाणे. रडणं कमी झालं. ती मान तिरकी करून, डोळा बारीक करून बघायची आणि स्वतःशीच पुटपुटायची, "हा दगड. हा पण दगड. हा नाही, हे पाणी." कधी बरोबर, कधी चूक. एक-एक दगड पुढे सरकत होती. मला आनंद व्हायचा आणि लगेच भीती वाटायची. हेही पाठ करत असेल तर? पडून पडून, मोजून मोजून?

तपासणीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दुपारची उन्हं खोलीत आली होती. बाळ माझ्या खांद्यावर ढेकर द्यायचं बाकी होतं, सासूबाई दारात टॉवेल घेऊन उभ्या होत्या. भिंगरी माझ्या पायाशी बसलेली. पाणमाऊ एका जागी येऊन थांबली होती. इथवर ती पहिल्यांदाच आली होती. समोर नुसतं रुंद पाणी, दगडच नाही. पलीकडे लांबवर एकच होता, उडी पोचणार नाही इतका लांब.

मला वाटलं, संपलं. गेमच इथे संपतो बहुतेक.

"आई," भिंगरी म्हणाली, "तो दगड श्वास घेतोय."

"कुठला?"

"तो. तो काय. वर होतो, खाली होतो."

मी वाकून बघितलं. माझे दोन्ही डोळे धडधाकट, दुकानात डॉक्टरांचं मुंगीएवढं अक्षर वाचणारे. मला एक राखाडी दगड दिसत होता. जागच्या जागी, दगडासारखा. पोरगी आता कंटाळून काहीबाही रचायला लागली, असं मनात आलं.

"येतोय," ती म्हणाली. "जवळ येतोय."

आणि तिने पाणमाऊला काठाकडे पळवलं. माझ्या घशात "नको" आला. मी तो गिळला. बाळाच्या पाठीवरचा माझा हात थांबला. पाणमाऊने हवेत उडी घेतली, खाली नुसतं पाणी होतं, आणि त्या पाण्यातून एक पाठ वर आली. ओली, खवल्याखवल्यांची. कासव! ते पाणमाऊला पाठीवर घेऊन संथपणे पलीकडे निघालं.

"कासव होतं!" भिंगरी किंचाळली. "मला वाटलंच तो दगड नाही! दगड कसा श्वास घेईल?"

मी पहिल्यांदा काय केलं असेल? पट्टी तपासली. हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि पट्टीच्या कडेवरून गोल बोट फिरवलं. नाकाजवळून, गालावरून, भुवईवरून. कुठे फट नव्हती. सुईच्या टोकाएवढीसुद्धा नव्हती. आवाज बंद होता. मला ठाऊक नव्हतं, आजीला ठाऊक नव्हतं, सिनेमात नव्हतं. जे दिसलं ते त्या डाव्या डोळ्याला दिसलं होतं, आणि माझ्या दोन्हींच्या आधी दिसलं होतं.

"आई, सोड ना, कासव पुढे चाललंय!"

मी सोडलं. सासूबाई आत गेल्या आणि ओट्यावरची धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली, नळ पूर्ण सोडून. बाळाने माझ्या खांद्यावर मोठ्ठा ढेकर दिला.

तरी रात्रभर मनाला मी लगाम घालून ठेवला. गेममध्ये दिसलं म्हणून तक्त्यावर दिसेलच असं थोडंच आहे. सकाळी दवाखान्यात बाकावर बसले तेव्हा बाळाला थोपटतेय की स्वतःला, तेच कळत नव्हतं. नवऱ्याला कामावरून सुट्टी मिळाली नव्हती, सासूबाईंनी यायला नकार दिला. म्हणाल्या, "मी आले तर तिथे बोलेन."

डोळेबाईंनी भिंतीवरचा तक्ता उतरवून ठेवला होता आणि एक नवाच लावला होता, भिंगरीने कधी न पाहिलेला. शहाणा डोळा झाकला. काठीचं टोक पहिल्या चित्रावर ठेवलं.

"घर," भिंगरी म्हणाली. "छत्री. होडी."

काठी खाली सरकली. मागच्या वेळी इथेच सगळं थांबलं होतं.

"हे... हे दिसत नाही." बाईंनी काठी हलवली नाही. भिंगरीने मान तिरकी केली. "थांबा हं. सांगू नका." आणि मग, "फूल आहे. पाकळ्या आहेत. आणि त्याच्या शेजारी किल्ली."

आणखी खालच्या ओळीत तिला एक आलं, एक आलं नाही. आलं नाही ते तिने सरळ "नाही येत" म्हणून सांगितलं. त्याच्या खाली काहीच नाही. डोळेबाईंनी काठी खाली ठेवली, आणि ज्या बाई कधी हसायच्या नाहीत त्या माझ्याकडे बघून मनापासून हसल्या.

डॉक्टरांनी दिव्याने बघितलं, भिंगं बदलून बदलून बघितलं. "चालू लागलाय," ते म्हणाले. "अजून बरंच जायचंय, पट्टी सोडायची नाही. पण आता याला वाट सापडली आहे. पुढच्या वेळी अजून खालची ओळ." टोपण न लावता पेन तसंच टेबलावर ठेवलं आणि भिंगरीला विचारलं, "काय गं, काय केलंस एवढं?"

"कासव बघितलं," ती म्हणाली. डॉक्टरांना काही कळलं नाही. डोळेबाईंना कळलं.

बाहेर आलो. भिंगरी पायऱ्यांवर बसून बाळाला दवाखान्याच्या कुंपणावरच्या मुंग्या दाखवत होती. मी नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या खोल खड्ड्यात होता, त्याचा आवाज विहिरीतून यावा तसा घुमत होता.

"बोल," तो म्हणाला. मागे कुणाचा तरी हातोडा चालू होता. "बोल ना गं!"

"दोन ओळी," मी म्हणाले. "दोन ओळी पूर्ण वाचल्या. तिसरीतलंही थोडं."

हातोडा चालूच होता. मग त्याने कुणाला तरी ओरडून तो थांबवायला लावला. मला वाटलं, फोन कापला गेला.

"आहेस ना?"

"आहे, आहे. थांब जरा," तो म्हणाला. आवाज पातळ झाला होता. "शिडीवर आहे मी. खाली उतरतो, बसतो, आणि मग परत पहिल्यापासून सांग. सगळं. काहीएक गाळू नकोस."

मी पायरीवर बसले. बाळ मांडीवर घेतलं, भिंगरीला शेजारी ओढलं आणि तो खाली उतरेपर्यंत वाट बघत राहिले.